ध्वनी सर्व्हरसाठी प्रकार-सुरक्षित क्लायंट लायब्ररी

ध्वनी सर्व्हरच्या एपीआयशी संवाद साधण्यासाठी लिहिलेल्या ज्या लायब्ररीत प्रत्येक विनंतीचे आणि प्रत्येक उत्तराचे स्वरूप 'प्रकार' म्हणून आधीच घोषित केलेले असते, तिला प्रकार-सुरक्षित क्लायंट लायब्ररी म्हणतात. अशी लायब्ररी वापरल्यास विनंतीतील चुकीचे मूल्य, विसरलेली बाब किंवा उत्तराविषयीचे चुकीचे गृहीतक प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच, म्हणजे कंपायलरच्या तपासणीत, उघडकीस येते. घरगुती संगीतसंग्रह, ग्रंथालयांतील ध्वनिमुद्रित पुस्तके, लोकसाहित्याचे आणि पक्ष्यांच्या आवाजांचे संग्रह यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अॅपांमध्ये ही पद्धत उपयोगी पडते. या लेखात मुख्यतः सबसॉनिक या सर्व्हरच्या एपीआयचा विचार केला आहे. देवनागरी लिपीतील नोंदींमुळे उद्भवणारे प्रश्न आणि नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याशी संबंधित एक उदाहरणही दिले आहे.

संकल्पना

ध्वनी सर्व्हर म्हणजे ध्वनिफायली एका ठिकाणी साठवून त्या मागणीनुसार जाळ्यावरून पुरवणारा संगणक किंवा त्यावरील सॉफ्टवेअर. त्याच्याकडे कोणत्या शब्दांत मागणी करावी आणि तो कोणत्या स्वरूपात उत्तर देईल, याविषयीचा करार म्हणजे एपीआय. मागणी करणारे मोबाइल किंवा संगणकावरील अॅप हा क्लायंट होय. क्लायंटाला सर्व्हरशी थेट बोलता येते. परंतु तसे केल्यास प्रत्येक विनंतीचा पत्ता अक्षरे जोडून तयार करावा लागतो आणि आलेल्या मजकुरातून हवी ती माहिती चाचपडत शोधावी लागते. ते काम एकदाच नीट करून ठेवलेली संहिता म्हणजे क्लायंट लायब्ररी.

'प्रकार' ही कल्पना मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्याला नवी वाटू नये. 'मुली शाळेत गेला' हे वाक्य चुकीचे आहे हे कळण्यासाठी त्या मुली कोण, शाळा कोणती, त्या खरोखर गेल्या की नाही, यांपैकी काहीच माहीत असावे लागत नाही. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, एवढा नियम पुरेसा आहे. कंपायलरही असाच वाक्याच्या अर्थात न शिरता त्याची जुळणी तपासतो. गाण्याची लांबी ही संख्या असेल, तर तिच्या जागी मजकूर ठेवता येणार नाही. एखादी बाब उत्तरात नसण्याची शक्यता असेल, तर ती आहेच असे समजून पुढे जाता येणार नाही.

या विचाराचा इतिहास ध्वनी सर्व्हरांपेक्षा बराच जुना आहे. रॉबिन मिल्नर यांनी १९७०च्या दशकात एडिंबरो येथे विकसित केलेल्या एमएल या भाषेने प्रकारांची तपासणी पद्धतशीर पायावर उभी केली. 'मूल्य नाही' हे दाखवणारा शून्य संदर्भ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेत आणला आणि पुढे स्वतःच त्याला आपली फार महागात पडलेली चूक म्हटले. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न टाइपस्क्रिप्ट (२०१२), रस्ट (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) आणि कॉटलिन (२०१६) या भाषांत दिसतो. आजच्या बहुतेक प्रकार-सुरक्षित क्लायंट लायब्रऱ्या अशाच भाषांत लिहिलेल्या असतात.

सबसॉनिक एपीआय

सबसॉनिक हा सिंद्रे मेहुस यांनी तयार केलेला संगीत सर्व्हर. मूळ सॉफ्टवेअर पुढे मुक्त राहिले नाही; त्याच्या मुक्त काळातील संहितेतून लिब्रेसॉनिक व एअरसॉनिक असे फाटे निघाले, तर नॅव्हिड्रोमसारखे सर्व्हर स्वतंत्रपणे नव्याने लिहिले गेले. या सर्वांनी सबसॉनिकचा एपीआय मात्र कायम ठेवला. त्यामुळे एका सर्व्हरसाठी लिहिलेले अॅप दुसऱ्यावरही चालते. मूळ एपीआयची अखेरची रूढ आवृत्ती १.१६.१ ही असून, तिच्यात भर घालण्यासाठी ओपनसबसॉनिक हा सामूहिक उपक्रम पुढे आला.

विनंती हा एक साधा यूआरएल असतो. त्यात वापरकर्त्याचे नाव, एपीआयची आवृत्ती, अॅपचे नाव आणि उत्तर एक्सएमएलमध्ये हवे की जेसनमध्ये, हे सांगावे लागते. 'पिंग' ही विनंती सर्व्हर जागा आहे का एवढेच विचारते. 'गेटअल्बम' अल्बमातील गाणी देते. 'सर्च३' शोध घेते. 'स्ट्रीम' प्रत्यक्ष ध्वनी पाठवते. वरवर पाहता यात कठीण काही नाही. अडचण उत्तरांत आहे.

पहिली अडचण अशी की, सबसॉनिक एपीआयमध्ये विनंती फसली तरी एचटीटीपीच्या पातळीवर बहुधा २०० हाच संकेत येतो, म्हणजे 'सर्व ठीक'. फसल्याची बातमी आतल्या मजकुरात असते: तेथे स्थिती 'ओके' ऐवजी 'फेल्ड' अशी लिहिलेली असते आणि सोबत क्रमांक असतो. १० म्हणजे आवश्यक बाब पाठवलेली नाही, ४० म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा, ५० म्हणजे या कामाची परवानगी नाही, ७० म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही. केवळ बाहेरचा संकेत पाहणारे अॅप चुकीच्या पासवर्डलाही रिकामा संग्रह समजते. श्रोत्याला वाटते आपली गाणी गेली. गेलेले काहीच नसते. प्रकार-सुरक्षित लायब्ररीत उत्तर हा 'यश किंवा अपयश' असा जोड-प्रकार असतो आणि दोन्ही शक्यता हाताळल्याखेरीज आतील गाण्यांपर्यंत पोहोचता येत नाही.

'स्ट्रीम'चे उत्तर याहून चमत्कारिक आहे. यश मिळाल्यास ध्वनीचे बाइट येतात, अपयश आल्यास त्याच वाटेने एक्सएमएल मजकूर येतो. दोहोंतील भेद आशयप्रकाराच्या शीर्षकावरून करावा लागतो. हा भेद न करणारे अॅप चुकीचा संदेशच गाणे म्हणून वाजवण्याचा प्रयत्न करते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, ऑफलाइन ऐकण्यासाठी तोच फायलीत साठवून ठेवते. मग प्रवासात जाळे नसताना फाइल उघडत नाही आणि कारण कळायला काही मार्ग उरत नाही.

एकवचन आणि अनेकवचन यांचाही घोळ आढळतो. एक्सएमएलमध्ये एक गाणे आणि एका गाण्याची यादी यांत दिसायला फरक नसतो. सबसॉनिकच्या जुन्या आवृत्त्यांत असे एक्सएमएल यांत्रिकपणे जेसनमध्ये बदलले जाई. तेव्हा अल्बमात अनेक गाणी असल्यास यादी येई आणि एकच असल्यास यादीऐवजी सुटी वस्तू येई. मराठीत 'देव' हा शब्द एकवचनी की अनेकवचनी हे वाक्यातल्या क्रियापदावरून ठरते; येथे तसे सांगणारे क्रियापदच नाही. शोधात काहीच न सापडल्यास कित्येकदा यादीची बाबच गाळलेली असते. चांगली लायब्ररी या तिन्ही रूपांचे प्रवेशद्वारावरच एका यादीत रूपांतर करते: अनेक, एक किंवा शून्य गाण्यांची यादी. अॅप लिहिणाऱ्याला फक्त यादी दिसते.

एकके

सबसॉनिकमध्ये गाण्याची लांबी सेकंदांत मिळते. परंतु बुकमार्क ठेवताना, म्हणजे कोठवर ऐकले ते नोंदवताना, स्थान मिलिसेकंदांत द्यावे लागते. दोन्ही पूर्णांकच. तासाभराचे कीर्तन पंचविसाव्या मिनिटाला थांबवले, तर १,५०० सेकंद झाले; सर्व्हरला मात्र १५,००,००० कळवायला हवेत. चुकून १,५०० च पाठवले तर सर्व्हर ते दीड सेकंद समजतो आणि पुढल्या वेळी कीर्तन नमनापासून सुरू होते. या चुकीत कोठेही त्रुटिसंदेश येत नाही.

'संख्या' एवढाच प्रकार येथे अपुरा आहे. म्हणून सेकंद व मिलिसेकंद असे दोन वेगळे प्रकार घडवले जातात आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्यासाठी स्पष्ट नावाचे फलन दिले जाते. चालताना दोन्ही साध्या संख्याच असतात, भेद फक्त तपासणीच्या वेळी असतो. जेलिफिन या सर्व्हरमध्ये तर वेळ 'टिक' या एककात मोजतात आणि एका सेकंदात १ कोटी टिक असतात. ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढी संख्या मावते, म्हणजे सुमारे ३ मिनिटे ३४ सेकंद. त्याहून मोठे गाणे अशा पूर्णांकात मोजू पाहिल्यास हिशेब कोसळतो. चित्रपटगीतांवर चाचणी घेतलेले अॅप विलंबित ख्यालावर अडखळण्यास एवढे कारण पुरते.

ओळखचिन्हे आणि प्रमाणीकरण

गाणे, अल्बम, कलाकार आणि वादनसूची या प्रत्येकाला ओळखचिन्ह असते. ते मजकूर म्हणूनच वागवावे. एका सर्व्हरवर ते आकड्यांसारखे दिसले, तरी दुसऱ्यावर अक्षरे व अंक यांची लांब मालिका असू शकते. अल्बमाचे चिन्ह गाण्याच्या जागी दिल्यास सर्व्हर '७०, सापडले नाही' असे कळवतो. प्रत्येक ओळखचिन्हाला स्वतंत्र प्रकार दिल्यास ही अदलाबदल लिहितानाच अडते. या विषयातील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त फळ देणारी सुधारणा हीच म्हणावी लागेल.

पासवर्ड पाठवण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. जुन्या पद्धतीत पासवर्ड यूआरएलमध्ये उघडा जातो. एपीआयच्या १.१३.० आवृत्तीपासून पासवर्डपुढे यादृच्छिक अक्षरे, म्हणजे 'मीठ', जोडून त्यांचा एमडी५ सारांश पाठवण्याची सोय झाली. एमडी५ आज भक्कम मानला जात नाही, शिवाय या पद्धतीत सर्व्हरला मूळ पासवर्ड परत वाचता येईल अशा रूपात ठेवावा लागतो. ओपनसबसॉनिकने यासाठी स्वतंत्र किल्लीचा पर्याय दिला. किल्ली आणि पासवर्ड दोन्ही एकदम पाठवले, तर परस्परविरोधी प्रमाणीकरण म्हणून ४३ क्रमांकाची चूक मिळते. प्रमाणीकरण हा 'हे किंवा ते' असा प्रकार केल्यास दोन्ही एकदम देणारी विनंती लिहिताच येत नाही. पासवर्डाचा प्रकारही असा करता येतो, की तो नोंदवहीत छापू पाहिल्यास फक्त ताऱ्यांची ओळ उमटते. घरातील सर्व्हर बाहेरून वापरायचा झाल्यास एचटीटीपीएसला मात्र पर्याय नाही. ते काम प्रकार करू शकत नाहीत.

देवनागरी नोंदी

सबसॉनिक एपीआय घडला तो इंग्रजी व इतर युरोपीय भाषांतील संग्रह समोर ठेवून. त्याच्या खुणा जागोजागी दिसतात. कलाकारांची अनुक्रमणिका करताना नावाआधीची 'द', 'एल', 'ला', 'ले' अशी उपपदे गाळण्याची सोय आहे. 'पंडित', 'उस्ताद', 'ह.भ.प.' यांचा विचार मुळात नाही. परिणामी 'पं. भीमसेन जोशी' प अक्षराखाली आणि 'भीमसेन जोशी' भ अक्षराखाली जातात, आणि एकाच गायकाचे दोन होतात. ही यादी बहुतेक सर्व्हरांत बदलता येते. ती बदलणे हे मराठी संग्रह लावणाऱ्याचे पहिले काम असावे.

यूआरएलमध्ये देवनागरी अक्षरे थेट जात नाहीत, ती टक्केचिन्हांच्या संकेतात बदलावी लागतात. 'निफाड' या शब्दात स्वरचिन्हे धरून पाच युनिकोड चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात आणि प्रत्येक बाइटाला तीन अक्षरे धरून यूआरएलमध्ये त्याची ४५ अक्षरे होतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या या जन्मगावाचे नाव एखाद्या व्याख्यानाच्या शीर्षकात शोधायचे, तर सर्व्हरकडे जाते ती ही ४५ अक्षरांची मालिका. अक्षरे हाताने जोडून यूआरएल घडवणाऱ्या अॅपात हे रूपांतर एखाद्या ठिकाणी राहून जाते, तर दुसऱ्या ठिकाणी दोनदा होते. 'कच्चा मजकूर' आणि 'संकेतित मजकूर' हे दोन प्रकार वेगळे ठेवले, की दोन्ही चुका टळतात.

याहून सूक्ष्म प्रश्न अक्षरांच्या दुहेरी लेखनाचा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'वाऱ्यावरची वरात' या शीर्षकातील ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये 'ऱ' व हलन्त यांपासून बनवता येते, तसेच 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांपासूनही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाच्या दृष्टीने दोन्ही निराळी. एका कळफलकावर टंकलेले शीर्षक दुसऱ्या कळफलकावरून शोधल्यास सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण 'ऱ' आणि नुक्ता जोडलेला 'र' यांना एकरूप करते. अदृश्य जोडचिन्हाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. लायब्ररीत 'सामान्यीकृत मजकूर' असा प्रकार ठेवून तो केवळ या नियमातून गेलेल्या मजकुरालाच देता येतो. शोधाचे फलन फक्त हाच प्रकार स्वीकारत असेल, तर नियम चुकवून शोध घेण्याची वाटच बंद होते. संग्रहातील शीर्षके मात्र सर्व्हरवरच आधी एकसारखी केलेली असली पाहिजेत.

'कलाकार' या बाबीचे काय करायचे

मूळ एपीआयमध्ये गाण्याचा कलाकार हा मजकुराचा एकच तुकडा आहे. 'गीतरामायण'सारखी रचना त्यात मावत नाही. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीते १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाली. त्या मूळ प्रसारणात वेगवेगळ्या गायक-गायिकांनी ती गायिली. नंतरच्या ध्वनिमुद्रिकांत व कार्यक्रमांत फडके यांनी स्वतः गायिली. कवी, संगीतकार आणि गायक यांपैकी 'कलाकार' कोण? ओपनसबसॉनिकने कलाकारांची यादी आणि प्रत्येकाच्या भूमिकेसह 'योगदाते' ही बाब जोडून यावर उत्तर दिले आहे. जुन्या सर्व्हरकडून ती बाब येणार नाही, हे प्रकारात 'असल्यास' असे नोंदवावे लागते.

लोकसाहित्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालवलेल्या उपक्रमात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हजारावर गावांतून गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची माहितीसंहिता घडवली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून हा संग्रह पारी या संकेतस्थळावर क्रमाने प्रकाशित होत आला आहे. अशा संग्रहात अल्बम नसतो. असते ती गाणारी बाई, तिचे गाव, तालुका आणि ओवीचा विषय. अशी सामग्री संगीत सर्व्हरच्या ठरावीक चौकटीत कोंबल्यास, ज्या बायांची नावे मेहनतीने टिपली त्या 'अज्ञात कलाकार' या शीर्षकाखाली एकत्र लोटल्या जातात. प्रकार ठरवताना कोणती बाब आवश्यक आणि कोणती ऐच्छिक मानायची, हा निर्णय तांत्रिक दिसतो. पण कोणाचे नाव उरणार, हेही त्यातूनच ठरते.

नांदूर मध्यमेश्वर आणि पक्ष्यांचे आवाज

निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. त्याचा यादीतील समावेश जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. रोहित, चित्रबलाक, हळदीकुंकू बदक असे पक्षी येथे दिसतात. त्यांचे आवाज ओळखण्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास झेनो-कँटो हा आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह उपयोगी आहे. बॉब प्लांके व विलेम-पीर वेलिंगा यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहाला स्वतःचा एपीआय आहे. पक्ष्याचे शास्त्रीय नाव, देश, आवाजाचा प्रकार, मुद्रणाची प्रत अशा कसोट्या लावून नोंदी मागवता येतात. तिसऱ्या आवृत्तीपासून त्यासाठी किल्ली लागते.

प्रकारांच्या दृष्टीने हा एपीआय उत्तम पाठ आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पानाचा क्रमांक संख्या म्हणून येतो, पण एकूण नोंदींची संख्या अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून येते. अक्षांश-रेखांशही मजकूरच, आणि मुद्रणाची लांबी '१:०५' अशा घड्याळी रूपात. मजकुरांची तुलना वर्णानुक्रमे होते, त्यामुळे '१०' हा '९' च्या आधी लागतो. नोंदी संख्येने लावल्या अशी समजूत करून घेणाऱ्याची क्रमवारी चुकते, आणि थोड्या नोंदींत ती लक्षातही येत नाही. काही नोंदींत अक्षांश-रेखांश नसतात. शिकार किंवा छळाचा धोका असलेल्या काही जातींची मुद्रणे ऐकण्यासाठी खुली ठेवलेली नाहीत. तेथे फाइलचा पत्ता मिळेल असे धरता येत नाही. लायब्ररीने या बाबी संख्या, कालावधी आणि 'असल्यास पत्ता' अशा योग्य प्रकारांत बदलून द्याव्यात.

हाताने लिहिलेली आणि यंत्राने घडवलेली लायब्ररी

जेलिफिनसारखे सर्व्हर आपल्या एपीआयचे वर्णन ओपनएपीआय या यंत्राला वाचता येणाऱ्या रूपात देतात. त्यावरून टाइपस्क्रिप्ट व कॉटलिनमधील लायब्रऱ्या आपोआप घडवता येतात. हे सोयीचे आहे. मात्र वर्णनात एखादी बाब ढिलाईने 'ऐच्छिक' लिहिली असेल, तर ती ढिलाई संपूर्ण लायब्ररीत उतरते. हाताने लिहिलेल्या लायब्ररीत सेकंद-मिलिसेकंदासारखे भेद जपता येतात, पण सर्व्हर बदलला की ती मागे पडते. व्यवहारात घडवलेल्या लायब्ररीवर हाताने लिहिलेला पातळ थर चढवणे बरे पडते.

मर्यादा

टाइपस्क्रिप्टमधील प्रकार तपासणीनंतर पुसले जातात. प्रोग्रॅम चालताना ते उरत नाहीत. जाळ्यावरून आलेल्या मजकुराला 'हे गाणे आहे' असे नुसते म्हटले, तर कंपायलर ते मान्य करतो आणि सर्व्हरने दुसरेच काही पाठवले असल्यास चूक खोल आत जाऊन फुटते. म्हणून झॉडसारख्या साधनाने उत्तर प्रत्यक्ष तपासून मगच प्रकार देतात. रस्टमध्ये सर्दे ही लायब्ररी वाचतानाच बरेचसे हे काम करते.

तपासणी फार कडकही असू नये. नवा सर्व्हर अधिकच्या बाबी पाठवतो; त्या अनोळखी म्हणून संपूर्ण उत्तर नाकारणारी लायब्ररी सर्व्हरच्या प्रत्येक सुधारणेबरोबर मोडते. अनोळखी बाबी दुर्लक्षाव्यात आणि ठरावीक मूल्यांच्या यादीत 'इतर' या शक्यतेला जागा ठेवावी, असा संकेत आहे. ओपनसबसॉनिक सर्व्हर आपण कोणते विस्तार पुरवतो हे विचारल्यास सांगतो. ते उत्तर आधी घेऊन त्यानुसारच पुढील फलने खुली करणाऱ्या लायब्रऱ्या लिहिता येतात.

'चौकोनी वर्तुळ गाढ झोपले' हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे. तसेच चुकीच्या गायकाचे नाव, दुसऱ्याच रागाची नोंद किंवा चित्रबलाकाच्या नोंदीखाली ठेवलेला बगळ्याचा आवाज प्रकारांच्या तपासणीत अचूकच ठरतो. ती पारख ऐकणाऱ्याला करावी लागते.